करप्याचा दाब, पटलाचा ताण

मावळातल्या शेतकऱ्याला करपा दिसतो तेव्हा तो चार-पाच दिवसांचा जुना झालेला असतो. भातलावणी उरकून तीन-चार आठवडे लोटलेले असतात, युरियाचा हप्ता पडलेला असतो, खाचर हिरवेगार झालेले असते. मग एका सकाळी पातीवर ठिपके दिसतात. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. ते वाढतात, एकमेकांत मिसळतात आणि पात वाळते. हाच रोग पुढे पेरावर उतरला तर काडी तिथे मोडते. लोंबीच्या मानेवर गेला तर दाणे पोचट राहतात आणि लोंबी मान टाकते. या शेवटच्या अवस्थेला मानमोडी असे नाव आहे.

ठिपका हा मात्र निकाल असतो. खरा सामना त्याआधीच, एका ओल्या रात्रीत, पानाच्या पृष्ठभागावर होऊन गेलेला असतो. बुरशीचा एक बीजाणू पानावर उतरतो, दिवसभराच्या आत स्वतःमध्ये प्रचंड दाब तयार करतो आणि त्या जोरावर पानाची साल भोसकून आत घुसतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आकार दिसतो, पण त्या आकाराच्या आत किती जोर कोंडला आहे आणि तो कुठे एकवटला आहे हे कळत नाही. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच इथल्या सेन्सबरी लॅबोरेटरीतले निकोलस टॅल्बट, लॉरेन रायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांसोबत तो जोर जिवंत बुरशीत पाहिला. त्यासाठी त्यांनी वापरला पेशीच्या पटलात जाऊन बसणारा, ताणाची खबर प्रकाशातून देणारा एक रेणू. हे प्रकरण त्या रेणूचे आहे आणि त्याने करप्याबद्दल जे सांगितले त्याचे आहे.

लोणावळ्याचे वाफे

करप्याच्या बुरशीचे शास्त्रीय नाव मॅग्नापोर्थे ओरायझी. तिला हवे असते ते सगळे घाटमाथ्यावर फुकट मिळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुढे वडगाव, तळेगावकडे जाल तसा तो झपाट्याने उतरतो. पण पावसाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची असते ती पानावरची ओल. जुलै ते सप्टेंबर आभाळ भरलेले, मधूनमधून भुरभुर, रात्रीचे तापमान वीस ते पंचवीस अंश आणि सकाळी उशिरापर्यंत न वाळणारी पात. सलग दहा-बारा तास पान ओले राहिले की बीजाणूचे काम होऊन जाते.

म्हणूनच भाताचे पैदासकार लोणावळ्याला करप्याचा 'हॉटस्पॉट' मानतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र इथे आहे. हैदराबादहून चालणाऱ्या, १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पात देशभरातले नवे वाण करप्यासाठी ज्या मोजक्या ठिकाणी तपासले जातात, त्यांत लोणावळ्याचे नाव असते. या तपासणीची रीत शेतकऱ्याला चक्रावून टाकणारी आहे. एरवी जे टाळायचे ते सगळे इथे मुद्दाम केले जाते. उंच गादीवाफ्यावर प्रत्येक वाणाची आखूड ओळ दाट पेरतात. नत्र भरपूर देतात. चारही बाजूंनी आणि ठरावीक ओळींनंतर एचआर-१२ सारखा, करप्याला हमखास बळी पडणारा वाण लावतात, म्हणजे रोग तिथे माजेल आणि शेजारच्या ओळींवर बीजाणूंचा मारा होत राहील. मग पाने तपासून शून्य ते नऊ असे गुण देतात. शून्य म्हणजे डाग नाही. एक म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी बिंदू: बुरशीने प्रयत्न केला, पण झाडाने तिला जागीच रोखले. चारपासून पुढे करप्याचे खरे, लांबट ठिपके. नऊ म्हणजे पानाचा पाऊण भाग गेला.

मावळचा करप्याशी संबंध एवढ्यावर थांबत नाही. इथला भात म्हटला की इंद्रायणी, आणि इंद्रायणी ही वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची देणगी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती तयार झाली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आली. एका बाजूचा वास आणि दुसऱ्या बाजूचे उत्पन्न असा तो मेळ होता. लोणावळ्याजवळ कुरवंडे इथे उगम पावणाऱ्या नदीचे नाव तिला मिळाले. त्याच नदीच्या खोऱ्यात, त्याच ओल्या हवेत, तिला दर पावसाळ्यात करप्याला तोंड द्यावे लागते.

वाफ्यातला गुण झाड जिंकले की हरले ते सांगतो. कसे जिंकले, हे कळायला पानाच्या पृष्ठभागावर उतरावे लागते.

पानावरचे चोवीस तास

बीजाणू तीन कप्प्यांचा असतो, एका टोकाला निमुळता. पानाला टेकताच त्याच्या टोकातून चिकट द्रव सुटतो आणि तो जागेवर घट्ट बसतो. भुरभुर पावसाने मग तो निघत नाही. साधारण दोन तासांत त्याला कोंब फुटतो. कोंब पानावर सरपटत थोडा पुढे जातो आणि पृष्ठभाग कडक आहे, पाणी धरून ठेवत नाही, खायला काही नाही, अशा खुणा मिळाल्या की थांबतो. चार ते आठ तासांच्या दरम्यान त्याचे टोक फुगते आणि घुमटाच्या आकाराची एक पेशी तयार होते. तिला शास्त्रात ॲप्रेसोरियम म्हणतात. आपण दाबपेशी म्हणू. तिचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे दहा मायक्रॉनच्या घरात.

आता बीजाणू स्वतःला संपवतो. त्याच्या तिन्ही कप्प्यांतला ऐवज मोडून दाबपेशीकडे धाडला जातो आणि मागे रिकामे कवच उरते. दाबपेशीच्या भित्तिकेच्या आतल्या अंगाला मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या केसांना काळेपणा देणाऱ्या द्रव्याच्या जातकुळीतला, थर चढतो. या थरातून पाणी आत येऊ शकते, पण ग्लिसरॉल बाहेर पडू शकत नाही. दाबपेशी आत ग्लिसरॉल साठवत जाते, परासरणाने पाणी आत शिरत जाते आणि दाब चढत जातो.

किती चढतो? १९९१ मध्ये रिचर्ड हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी तो मोजला. त्यांची पद्धत अशी: दाबपेशी अधिकाधिक दाट द्रावणांत ठेवायच्या आणि कोणत्या घनतेला त्या चेपतात ते पाहायचे. बाहेरचे द्रावण आतल्याला तुल्यबळ झाले की पाणी बाहेर ओढले जाते आणि घुमट बसतो. उत्तर आले सुमारे ८ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ऐंशी पट. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्यात बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाएवढाच दाब जास्त असतो. इथे ऐंशी कुकरांचा जोर एका न दिसणाऱ्या पेशीत कोंडलेला आहे. याच जोरावर ही बुरशी प्रयोगशाळेत प्लास्टिकचा पातळ पडदासुद्धा भेदून जाते.

पुढे १९९७ मध्ये टॅल्बट यांच्या गटाने दाबपेशीतले ग्लिसरॉल मोजले. ते ३ मोलरच्या आसपास भरले, म्हणजे लिटरमागे सुमारे पावणेतीनशे ग्रॅम. एवढ्या ग्लिसरॉलमुळे परासरणाचा दाब किती येईल याचे गणित अकरावीच्या पुस्तकातल्या सूत्राने करता येते: सुमारे साडेसात मेगापास्कल. चेपण्याच्या प्रयोगातून आलेल्या आकड्याशी ते छान जुळते. दोन वेगळ्या वाटांनी तोच मुक्काम आला की शास्त्रज्ञ निर्धास्त होतात.

पण या पद्धतीत एक उणीव होती. त्यासाठी पेशी चेपावी लागते. तिच्याकडून एका क्षणाचा, एक सरासरी आकडा मिळतो. दाब चढताना पेशीत कुठे काय होते, घुसण्याची वेळ झाली हे तिला कसे कळते, या प्रश्नांना चेपलेल्या पेशीपाशी उत्तर नसते.

ताण कोण सोसतो?

इथे जरा हिशेब करू. गोल, पातळ भिंतीच्या पात्रात दाब भरला की भिंतीत ताण येतो. दाबाला त्रिज्येने गुणायचे आणि दोनाने भागायचे. ८ मेगापास्कल आणि ५ मायक्रॉन धरले तर ताण येतो मीटरमागे सुमारे २० न्यूटन.

आता पेशीचे पटल घ्या. ते लिपिड रेणूंच्या दोन थरांचे, मिलिमीटरच्या लाखभराव्या भागाहूनही पातळ असते. त्याचे क्षेत्रफळ चार-पाच टक्क्यांहून जास्त वाढत नाही. मीटरमागे साधारण १० मिलिन्यूटन ताणाला ते फाटते. म्हणजे दाबपेशीचा सगळा जोर पटलावर आला असता तर त्याच्या सहनशक्तीच्या दोन हजार पट भार पडला असता. ते टिकते याचा अर्थ उघड आहे: जवळजवळ सारा भार मेलॅनिनने मढवलेली भित्तिका पेलते आणि पटल तिला आतून दाबून बसलेले असते.

मग पटलाच्या ताणाला महत्त्व काय? महत्त्व आहे, कारण दाबाची जाणीव पेशीला पटलातूनच होते. पटलात रुतलेली प्रथिने आजूबाजूचे लिपिड ताणले की आकार बदलतात आणि आत संदेश धाडतात. भित्तिका भार सोसते, पटल खबर देते. ही कामाची वाटणी फक्त बुरशीत नाही. प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते, तरी पटलाचा ताण त्यांना सतत जपावा लागतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की पेशी ताणून मोकळी सोडली की ढिले पडलेले पटल ती एका ठरावीक मार्गाने झटपट आत ओढून घेते आणि ताण पुन्हा जागेवर आणते.

असा ताण मोजण्याच्या जुन्या रीती दोन. एक, काचेच्या अतिसूक्ष्म नळीने पटलाचा तुकडा ओढायचा आणि किती ओढ लावली की किती पटल आत येते ते पाहायचे. दुसरी, लेझरच्या चिमट्यात धरलेला सूक्ष्म मणी पटलाला चिकटवून मागे खेचायचा आणि निघालेल्या तंतूची ओढ मोजायची. दोन्ही नेमक्या, पण दोन्हींत पटलाला हात लावावा लागतो, आणि एका वेळी एकाच जागी. काळ्या, कडक भित्तिकेच्या आड बसलेल्या करप्याच्या पटलापर्यंत ना नळी पोहोचते ना मणी. तिथे काहीतरी वेगळे हवे होते.

गिरकी घेणारा रेणू

फ्लुओरेसंट रंगद्रव्यावर प्रकाश टाकला की त्याचा रेणू ऊर्जा शोषून क्षणभर उत्तेजित राहतो आणि मग ती ऊर्जा वेगळ्या रंगाच्या प्रकाशाच्या रूपात सोडतो. हा 'क्षणभर' म्हणजे काही नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा केवळ तीस सेंटिमीटर जातो.

काही रंगद्रव्यांच्या रेणूत एक भाग दुसऱ्याभोवती फिरू शकतो. त्यांना आण्विक रोटर म्हणतात. उत्तेजित झालेल्या रोटरपुढे दोन वाटा असतात. फिरायला मोकळी जागा असेल तर तो गिरकी घेतो, ऊर्जा उष्णतेत जिरवतो आणि लवकर शांत होतो. जागा नसेल तर फिरणे अडते, उत्तेजित अवस्था लांबते आणि ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. म्हणजे रेणू किती काळ उत्तेजित राहिला, यावरून त्याच्या अवतीभवती किती दाटी आहे हे कळते. या काळाला आपण आयुर्मान म्हणू.

वाखेनिंगेनच्या योरिस स्प्राकेल आणि ल्युसिल मिशेल्स यांनी २०२० मध्ये वनस्पतींच्या पेशींसाठी अशा रोटरांचा एक संचच तयार केला: एक भित्तिकेसाठी, एक पटलासाठी, एक पेशीद्रवासाठी, एक रिक्तिकेसाठी. रोटरचा गाभा सगळ्यांत तोच, बोडिपी नावाच्या रंगद्रव्याचा. बदलते ती त्याला जोडलेली शेपटी, आणि शेपटी ठरवते तो कुठे जाऊन बसायचा. पटलासाठीच्या रोटरचे नाव एन-प्लस-बीडीपी. त्याच्या शेपटीवर धनभार आहेत, त्यामुळे तो पटलात शिरून तिथेच अडकतो. पेशीत आत सहज घसरत नाही. पटल ताणले गेले की लिपिड किंचित दूर सरतात, रोटरला फिरायला फट मिळते आणि आयुर्मान घटते. पटल ढिले आणि दाट असले की आयुर्मान वाढते.

चमक मोजण्याऐवजी आयुर्मान मोजण्यातच खरी मेख आहे. चमक रंग किती आत गेला यावर अवलंबून असते. एका कोपऱ्यात रंग जास्त साचला तर तो कोपरा उगाच तेजस्वी दिसतो. आयुर्मानाला रंग थोडा की जास्त याने फरक पडत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाला लेझरची स्पंदने जोडतात, सेकंदाला लक्षावधी. प्रत्येक स्पंदनानंतर एखादा फोटॉन परत आला तर तो किती वेळाने आला याची नोंद होते. चित्राच्या एकेका बिंदूसाठी अशा पुष्कळ नोंदी जमल्या की त्या जागेचे आयुर्मान निघते, आणि संगणक त्यानुसार बिंदूला रंग देतो. पडद्यावर दिसणारा निळा, हिरवा, लाल हा बुरशीचा रंग नव्हे. तो वेळेचा नकाशा असतो.

ताण सांगणारे सगळेच रेणू असे वागत नाहीत. जिनिव्हा विद्यापीठात स्टेफान माटील आणि ओरेलियाँ रू यांच्या गटांनी २०१८ मध्ये 'फ्लिपर-टीआर' नावाचा रेणू जगापुढे ठेवला. तो आज प्राण्यांच्या पेशींसाठी सर्वाधिक वापरला जातो. त्यात दोन चपटे भाग एकमेकांशी पिळून बसलेले असतात. शेजारच्या लिपिडांनी बाजूने दाबले की पीळ उलगडतो, दोन्ही भाग एका पातळीत येतात आणि आयुर्मान वाढते. गंमत अशी की पेशीच्या पटलाचा ताण वाढला की फ्लिपरचे आयुर्मान वाढते, कारण अनेक प्रकारच्या लिपिडांनी बनलेले पटल ताणाखाली स्वतःची मांडणी बदलते, काही भाग दाट होतात आणि रेणू त्यांची खबर देतो. रोटर आणि फ्लिपर, दोघेही ताणच सांगतात, पण उलट दिशांनी.

यातून घ्यायचा धडा असा: हे रेणू ताण थेट मोजत नाहीत, शेजाऱ्यांची दाटी मोजतात. लिपिडांचे प्रकार बदलले, तापमान बदलले, तरी दाटी बदलते. म्हणून एका पेशीतल्या दोन जागा, किंवा एकाच बुरशीचे दोन वाण सारख्याच परिस्थितीत पाहिले तरच तुलनेला वजन येते. करप्याच्या प्रयोगाची ताकद या तुलनेतच आहे.

तीन बुरशी, तीन नकाशे

पहिला नकाशा साध्या, रोग करणाऱ्या बुरशीचा. दाबपेशी फुगत असताना तिच्या पटलाचा ताण सगळीकडे सारखा नव्हता. एकाच घुमटात कुठे ताण जास्त, कुठे कमी, आणि हा फरक आधी कोणत्याही प्रकारच्या पेशीत दिसला होता त्याहून बराच मोठा. दहा मायक्रॉनच्या पेशीत ऐंशी वातावरणे कोंडली की पटलाचे वागणे जागोजागी वेगळे होते, हे तोवर कुणी पाहिलेले नव्हते.

दुसरा नकाशा मेलॅनिन न बनवणाऱ्या उत्परिवर्तित बुरशींचा. प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्या काळपट दिसण्याऐवजी पांढऱ्या, गुलाबी किंवा भुरक्या वाढतात, आणि भाताला त्या काहीच करू शकत नाहीत. त्यांच्या दाबपेशीत पटलाचा ताण कमी आणि सगळीकडे एकसारखा निघाला. ग्लिसरॉल गळून जाते, दाब चढतच नाही, पटलाला ताणायला काही उरत नाही.

तिसरा नकाशा सर्वांत बोलका. एसएलएन-१ हे पटलातले एक संवेदक प्रथिन आहे. यीस्टमध्येही त्याचा भाऊबंद परासरणाचा दाब ओळखण्याचे काम करतो. रायडर आणि टॅल्बट यांनी २०१९ मध्ये दाखवले होते की हे प्रथिन काढून टाकलेली बुरशी गरजेपेक्षा जास्त दाब तयार करते, तरीही पानात शिरू शकत नाही. चार वर्षांनी रोटरने त्याला दुजोरा दिला: या बुरशीच्या पटलाचा ताण फुगण्याच्या काळात साध्या बुरशीपेक्षा स्पष्ट जास्त होता.

जास्त जोर असूनही ती का हरते? कारण जोर लावायला दिशा लागते. साध्या बुरशीत दाब एका उंबरठ्यापर्यंत पोहोचला की एसएलएन-१ तशी वर्दी देते. मग दाबपेशीच्या तळाशी, पानाला टेकलेल्या छिद्राभोवती, सेप्टिन नावाच्या प्रथिनांचे कडे बसते. ते कडे सारा जोर एका बारीक सुळ्यात एकवटते. सुळ्याची जाडी मायक्रॉनहूनही कमी. संवेदक नसला तर दाब चढतच राहतो, कडे बसत नाही आणि सुळा निघत नाही.

सगळ्याच पिकांचे शत्रू याच वाटेने घुसतात असे नाही. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याला कारण असलेला फायटोफ्थोरा हा जीव तिरका शिरतो, पान कापत जातो, आणि त्यामुळे त्याला एवढा दाब लागत नाही. स्प्राकेल यांचाच गट सहभागी असलेल्या संशोधनात २०२१ मध्ये हे दिसले. भाताच्या करप्याने मात्र सरळ, काटकोनात, निव्वळ बळाची वाट निवडली आहे. ते बळ तयार करायला त्याला मेलॅनिन लागते, आणि ते वापरायला एसएलएन-१.

पंपातले औषध, खाचरातली राख

या दोन गोष्टींपैकी पहिली आपल्या शेतकऱ्याच्या हाती कधीचीच आलेली आहे. करप्यावर फवारले जाणारे ट्रायसायक्लॅझोल बुरशीला थेट मारत नाही. ते मेलॅनिन तयार होण्याच्या साखळीतला एक विकर अडवते, नेमका तोच, जो भुरक्या उत्परिवर्तित बुरशीत बिघडलेला असतो. फवारणी केलेल्या पानावर उतरलेला प्रत्येक बीजाणू त्या अर्थाने प्रयोगशाळेतला तो निरुपद्रवी भुरका वाण बनतो: दाबपेशी तयार होते, ती भरत नाही, पटल ढिलेच राहते.

यावरून फवारणीच्या वेळेचा मुद्दा आपोआप सुटतो. सुळा एकदा पानात शिरला की त्याला मेलॅनिनची गरज उरत नाही. ठिपका दिसल्यावर मारलेले औषध त्या ठिपक्याचे काही बिघडवू शकत नाही. ते पुढच्या बीजाणूंना थोपवते. म्हणून हवा सलग ढगाळ झाली आणि पाने सकाळी उशिरापर्यंत ओली राहू लागली, की ठिपक्यांची वाट न पाहता हालचाल करणाऱ्याला औषधाचा खरा मोबदला मिळतो.

औषधाला किंमतही आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तांदळातील ट्रायसायक्लॅझोलच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आणि भारतीय बासमतीच्या निर्यातदारांची धावपळ झाली. इंद्रायणी प्रामुख्याने घरच्या बाजारात खपते, पण एका औषधावर भिस्त ठेवणे धोक्याचे, हा इशारा सगळ्यांसाठी होता. दुसरा इशारा जपानमधून आला. तिथे मेलॅनिनच्या साखळीतला वेगळा विकर अडवणारे कारप्रोपॅमिड हे औषध वापरात आले, आणि २००१ मध्येच त्याला दाद न देणारी करप्याची बुरशी सापडली.

खाचराच्या बाजूनेही लढता येते, आणि त्याचाही संबंध दाबाशीच आहे. डॉ. नारायण सावंत यांनी घडवलेल्या चारसूत्री भातशेतीचे पहिलेच सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर करण्याचे आहे: रोपवाटिकेत तुसाची राख, शेतात पेंढा. तुसात सिलिका भरपूर असते. भाताचे रोप ती शोषून पानाच्या सालीखाली तिचा थर रचते. साल कणखर झाली की सुळ्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि सिलिकामुळे रोपाचा अंतर्गत बचावही लवकर जागा होतो. चौथे सूत्र युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचे. गोळी मातीत खोचली की नत्र हळूहळू मिळते. युरिया एकदम फेकल्यावर येणारी मऊ, लुसलुशीत, करप्याला धार्जिणी वाढ टळते. लोणावळ्याच्या वाफ्यांत रोग माजवण्यासाठी नत्राचा मारा करतात तो याच कारणाने.

राहिली दुसरी गोष्ट, एसएलएन-१. या घराण्यातली संवेदक प्रथिने बुरशीत, जिवाणूंत आणि वनस्पतींत सापडतात. माणसात आणि इतर प्राण्यांत नाहीत. त्यामुळे औषध शोधणाऱ्यांना हे ठिकाण आकर्षक वाटते. फ्लुडिओक्सोनिल हे बाजारातले बुरशीनाशक याच प्रकारच्या संवेदकांपासून सुरू होणाऱ्या साखळीला बिघडवून काम करते. आजवर असे नवे द्रव्य तपासायचे तर शेवटी पानावर ठिपका पडतो की नाही हेच पाहावे लागे. ठिपका पडला नाही तर द्रव्य चालले एवढे कळे, कसे चालले ते नाही. आता दाबपेशीचा ताणाचा नकाशा काढता येतो. ताण कमी आणि एकसारखा दिसला तर द्रव्याने दाबाचा पायाच काढला. ताण बेसुमार दिसला तर दाब शाबूत आहे, पण बुरशीला त्याची जाणीव राहिलेली नाही.

भाताच्या दृष्टीने दोन्ही बुरशी सारख्याच निकामी. पैदासकाराच्या आणि औषधे बनवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र त्या दोन स्वतंत्र वाटा आहेत, आणि ते कामाचे आहे. बुरशीने एका वाटेवरच्या अडथळ्याला बगल दिली, तरी दुसऱ्या वाटेवरचा अडथळा तिला वेगळ्या उत्परिवर्तनाने ओलांडावा लागेल. एकाच हंगामात दोन्ही जमणे फार अवघड. मावळात करप्याशी टिकाऊ सामना करायचा असेल तर वाण, राख आणि फवारणीची वेळ यांच्या जोडीला असे दुहेरी अडथळे लागतील. आणि कोणता अडथळा नेमका कुठे लागतो आहे, हे रोटरच्या नकाशावर जिवंत बुरशीतच तपासून घेता येईल.